ड्रॉवरमधलं तेरावं कडं

आमच्या सुनेचं, अमिताचं, काम काय आहे असं कोणी विचारलं की पहिली दोन वर्षं मी "लायटीचं काहीतरी मोजते" एवढंच सांगायची. बायका मान हलवायच्या. तळमजल्यावरच्या श्रुतीने तर ती मीटर रीडिंगला जाते असं समजून सांगितलं, "वैशालीताई, आमचा मीटर फार पळतो हो, अमिताला एकदा बघायला सांगा ना." मी हे घरी येऊन सांगितलं तर अमिता हसली नाही. बॅगेतून टेस्टर काढला, खाली गेली आणि श्रुतीच्या फ्रिजच्या मागचं खराब झालेलं रबर दाखवून आली. फ्रिज दिवसरात्र चालू राहत होता.

अशी ती आहे. कुठलीही गोष्ट चेष्टेवारी नेत नाही आणि रागावतही नाही.

आम्ही मूळचे देवगडकडचे. ह्यांच्या तळोज्याच्या नोकरीमुळे नावडे वसाहतीत येऊन अठ्ठावीस वर्षं झाली. अमिता इथलीच, उलव्याच्या बाजूच्या खाडीकाठच्या गावातली, आगऱ्यांची मुलगी. तिचे वडील रोहिदासभाऊ आधी खाडीत जाळं टाकायचे, पुढे न्हावा शेवा बंदरात कंटेनर साखळदंडांनी आवळून बांधायच्या कामाला लागले. आई मैनाबाई मासळी विकते, अजूनही. आमच्या निशांतने लग्नाचं घरात काढलं तेव्हा मला जातीपेक्षा दुसरीच काळजी होती. मुलगी पीएचडी करणार, म्हणजे घरी आल्यावरही हातात पुस्तकच असणार, आणि माझ्या देवांना सकाळी फुलं कोण वाहणार? फुलं अजून मीच वाहते. पण पूजेची भांडी ती घासते, आणि अशी घासते की निरांजनाच्या नक्षीत काळं राहत नाही.

तिची संस्था खारघरच्या पुढे, डोंगराच्या अंगाला आहे. मी एकदा जाऊन आले. तळघरात खोली. आत जाताना तिने माझ्या केसांतल्या पिना, किल्ल्या, घड्याळ, सगळं काढून बाहेर ट्रेमध्ये ठेवायला लावलं, कारण आत मोठं चुंबक आहे. मी म्हटलं, गाभाऱ्यात जातानासुद्धा एवढं काढत नाही आम्ही. तर म्हणते, "गाभाऱ्यातला देव पिना ओढून घेत नाही, आई."

तिथे तिने मला जे समजावलं ते मला कळलं तसं लिहिते. कार्बनचा अगदी पातळ तुकडा असतो, डोळ्याला दिसणारही नाही असा. तो हेलियमने भयंकर थंड करतात आणि त्या चुंबकात ठेवतात. मग विजेला तो जो अडथळा करतो, म्हणजे रेझिस्टन्स, तो बारा हजार नऊशे सहा ओहम आणि पुढे काही अपूर्णांक येतो. दिल्लीत तेवढाच, जर्मनीत तेवढाच, खारघरात तेवढाच. आज तेवढाच, शंभर वर्षांनी तेवढाच. माणसाने बनवलेलं वजन झिजतं, हे झिजत नाही.

"म्हणजे देवासारखंच की," मी म्हटलं.

"देव नवसाला पावतो. हा कुणाला पावत नाही," ती म्हणाली.

या पक्क्या आकड्यावरून दुसऱ्या वस्तू मोजायच्या, हे तिचं काम. मुख्य म्हणजे कपॅसिटर. कपॅसिटर म्हणजे वीज धरून ठेवणारी डबी, मोबाइलपासून इंजिनापर्यंत सगळीकडे असते. तिची धरण्याची ताकद नेमकी किती, हे त्या कार्बनच्या तुकड्याशी ताडून सांगायचं. त्यासाठी टेबलभर केबलींची मांडणी केलेली असते, तिला ब्रिज म्हणतात. एका अंगाला हा, एका अंगाला तो, आणि दोन्ही अंगं सारखी झाली की मधला काटा शून्यावर येतो. ऐकायला सोपं. पण ती मोजते दहा कोटींत चार-पाचपर्यंत. दहा कोटी तांदळाच्या दाण्यांत चार-पाच दाणे इकडेतिकडे झाले तर तिला कळायला हवं.

त्या केबलींवर मी काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेली गोल कडी बघितली. केबल त्या कड्यातून आठ-दहा वेढे घेऊन जाते. तिथले तंत्रज्ञ देवजी, गुजराथकडचे, पण बोलतात आपलं पक्कं मराठी, ते म्हणाले, "वहिनी, हे आमचे मेदूवडे. सगळे माझ्या हातचे." कडी खरंच मेदूवड्याएवढी होती. केबलीच्या आतल्या तारेतून जेवढी वीज गेली तेवढी तिच्याच बाहेरच्या जाळीतून परत यावी, शेजारच्या केबलीतून भटकून येऊ नये, यासाठी ती असतात. मी म्हटलं, म्हणजे सून ज्या रिक्षाने माहेरी गेली त्याच रिक्षाने परत यायची. देवजींना हे फार आवडलं. पुढे कोणी पाहुणे आले की ते हेच सांगायचे म्हणे.

अमिताच्या पाच वर्षांच्या कामाचा शेवट ठरलेला होता. दिल्लीच्या प्रयोगशाळेतून एक कपॅसिटर पेटीत घालून तिच्याकडे येणार, ती मोजणार, पेटी परत जाणार. दिल्लीवाले आपला आकडा बंद पाकिटात ठेवणार. हिने आपला आकडा कळवायचा, मग ठरलेल्या दिवशी सगळ्यांसमोर पाकीट उघडायचं. एकमेकांचं बघून लिहायचं नाही, म्हणून ही पद्धत. आकडे जुळले की तिचा ब्रिज खरा, शेवटचा अध्याय पुरा. सप्टेंबरअखेर प्रबंध दिला तर युरोपात दोन वर्षांची जागा तिच्यासाठी ठेवली होती. निशांतही कंपनीतून रजा घेऊन जाणार होता. मी सोसायटीत कोणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे तीन-चार जणींनाच सांगितलं होतं.

पेटी फेब्रुवारीत आली. दिल्लीहून माणूस विमानात मांडीवर घेऊन आला, कारण आतली उष्णता बॅटरीवर सांभाळायची असते आणि पेटीला धक्का लागलेला चालत नाही. अमिताने ती महिनाभर मोजली. दहा मार्चला पेटी परत गेली. जुलैत तिने आपला आकडा कळवला. पाकीट दहा सप्टेंबरला उघडायचं होतं.

ऑगस्टच्या शेवटी देवजी निवृत्त व्हायचे होते. वीस तारखेला त्यांनी आपले ड्रॉवर आवरायला काढले. तळाशी जुन्या स्क्रूंच्या डब्याखाली एक कडं मिळालं. ते हातात घेऊन ते अमिताच्या टेबलाशी आले.

"मी कडी तेरा गुंडाळली होती," ते म्हणाले. "ब्रिजवर किती आहेत, मोज बघू."

अमिताने मोजली. बारा.

ती दुपारीच घरी आली, असं कधी होत नाही. मी पाट मांडायची जागा पुसत होते, गणपती आठवड्यावर आले होते. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि सगळं सांगितलं. जिथे कडं हवं तिथे एका केबलीवर ते नव्हतंच. कडं नसलं तरी काटा शून्यावर येतो, हीच त्यातली गोम. फक्त तो किंचित चुकीच्या जागी शून्यावर येतो, आणि तोंडाने काही सांगत नाही.

"मग सगळं चुकलं?" मी विचारलं.

"नाही. सतरा मार्चला, होळीनंतर, मी त्याच केबलीचं टोक बदललं होतं. वहीत लिहिलंय. तेव्हाच काढलं असणार आणि परत घालायला विसरले. पेटी त्याच्या आधीच गेली होती. म्हणजे पेटीचा आकडा ठीक आहे. मार्चनंतरचं माझं मोजमाप गेलं, ते गेलं. त्याच्याशिवाय अध्याय होईल." मग म्हणाली, "वडा ड्रॉवरमध्ये आणि मी पाच महिने रिकाम्या केबलीने मोजतेय."

वडा म्हटल्यावर माझा हात थांबला. हे मी आधी कुठेतरी ऐकलं होतं.

मी रोज दुपारी जप झाला की वहीत चार-सहा ओळी लिहिते. कोण आलं, देवाला काय केलं, कोणाचं काय दुखतंय, असलंच. ती झोपायला गेल्यावर मी जानेवारीची वही काढली. चोवीस तारीख, शुक्रवार, आमच्याकडचं संक्रांतीचं हळदीकुंकू. जसं लिहिलं होतं तसं देते:

"बायका एकतीस. तिळगूळ पुरला, वाणाचे डबे दोन कमी पडले. अमिताला तीनदा फोन केला तेव्हा सव्वासहाला आली. हात काळे. केबल उघडी टाकून आले, एक वडा टेबलावरच राहिला म्हणून चुकचुकत होती. मी म्हटलं, वडा कुठे जातोय, सोमवारी लाव. साडी नेसायला दहा मिनिटं, गजरा घातलाच नाही."

होळी नाही. संक्रांत. म्हणजे पेटी येण्याच्या आधी. पेटीचं सगळं मोजमाप त्या कड्याविना झालं होतं. आणि तीन फोन माझे होते.

मी वही मिटून ठेवली. दोन दिवस कोणाला काही बोलले नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं झालं खरं. मनाला समजावत होते की सोमवारी तिने लावलंही असेल आणि होळीला परत काढलं असेल, मला काय कळतंय त्यातलं. जपाला बसले की माळ पुढे सरकायची आणि मी मात्र जानेवारीतच असायची. तिसऱ्या दिवशी ह्यांना सांगितलं. हे पेपर वाचत होते.

"पान फाडणार आहेस का?" ह्यांनी विचारलं.

"फाडेन कशाला?"

"मग दाखव तिला. कपाटात ठेवून त्याला पाय फुटणार नाहीत."

संध्याकाळी अमिता भाजी निवडायला बसली तेव्हा मी ते पान उघडून तिच्या पुढ्यात ठेवलं. तिने वाचलं. परत वाचलं. मेथीची जुडी बाजूला ठेवली, हात पुसले आणि आपली प्रयोगशाळेची वही आणली. तिच्या वहीत खाडाखोड नसते. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, असा त्यांचा नियम. सत्तावीस जानेवारीच्या पानावर तिने लिहिलं होतं: "केबल जोडली. समतोल साधला. आकडा पूर्वीपेक्षा किंचित सरकला. कारण: तेलाच्या टाकीचा तापमान-नियंत्रक या आठवड्यात बदलला."

"मोजायच्या वस्तू एकाच तापमानात राहाव्यात म्हणून तेलात ठेवतो ना, मला वाटलं त्या टाकीमुळे सरकला," ती म्हणाली. "मी टाकीची दुरुस्ती धरून हिशेब सारखा करून घेतला. सहाचा फरक होता. दहा कोटींत सहा. टाकी एवढी नाही करू शकत, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण कारण समोर तयार होतं ना."

"शनिवारी कोणीतरी टेबल आवरलं असेल आणि कडं ड्रॉवरमध्ये टाकलं असेल," मी म्हटलं. "आणि मी तुला फोनवर फोन..."

"तुम्ही सोमवारी लाव म्हणालात, आई. मी लावलं नाही."

तिने मला एवढंच ऐकवलं. त्याहून जास्त बोलली असती तर मला हलकं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती तिच्या गाइडकडे गेली, जयप्रकाश सरांकडे. ते मोठे शांत गृहस्थ, आमच्याकडे दोनदा जेवून गेलेले, आमटीत गूळ लागतो त्यांना. तिथे काय झालं ते तिने घरी जसं सांगितलं तसं लिहिते.

सर म्हणाले, "हे तुझ्या वहीत नाही. हे तुझ्या सासूबाईंच्या वहीत आहे, आणि तेही वाणाच्या डब्यांच्या खाली. एवढ्यावर तू आकडा मागे घेणार?"

"हो सर."

"नीट विचार कर. मागे घेतलास तर पेटी परत मागवावी लागेल, पहिल्यापासून मोजावं लागेल. जानेवारी उजाडेल. तुझी ती जागा जाईल. अठरा दिवसांत पाकीट उघडतंय. मी खोटं बोल म्हणत नाही. मी थांब म्हणतो. आकडा जुळला तर प्रश्नच नाही. नाही जुळला तर तेव्हा कड्याचं सांगू, ते काय पळून जातंय?"

अमिता म्हणाली, "जुळला तर मी कडं विसरणार आणि नाही जुळला तर मला कडं आठवणार. मग आकडा माझा कुठला? तो पाकिटाचाच झाला."

सरांनी चहा मागवला आणि म्हणाले, "लिही पत्र. पण आधी कडं घालून आणि काढून दोन्ही मोज. नुसत्या वाणाच्या डब्यांवर नको."

तिने चार दिवस तेच केलं. कडं घालायचं, मोजायचं. काढायचं, मोजायचं. दरवेळी तेच निघालं, सहाच्या आसपास. देवजी निवृत्तीच्या आठवड्यात सगळे दिवस तिच्याबरोबर बसले. एकोणतीस ऑगस्टला तिने दिल्लीला पत्र पाठवलं की आमचा आकडा पाकीट उघडण्याआधी मागे घेत आहोत, चूक आमची, ती अशी अशी. सोबत माझ्या वहीच्या त्या पानाचा फोटोही जोडला. मी म्हटलं, अगं, त्यात बायका एकतीस, गजरा घातला नाही, हे पण जाणार का दिल्लीला? ती म्हणाली, "पान आहे तसं गेलं पाहिजे. आपल्याला हवं तेवढंच कापून पाठवलं तर परत तेच झालं."

गौरींच्या दिवशी मैनाबाई आणि रोहिदासभाऊ आले. गौरी-गणपतीत आमच्याकडे मासळी नाही, हे मैनाबाईंना माहीत, म्हणून त्या परसातल्या अळूची पानं घेऊन आल्या होत्या. लेकीकडे बघून त्यांचं तोंड सुरू झालं.

"येवरा शिकली नि परत पयलेपासून मोजतंय. विहीनबाय, तुमी तरी सांगा तिला काय. फारिनला जानार म्हनून मी पुऱ्या बाजारान सांगून बसले."

"तू कशाला सांगलंस पन?" रोहिदासभाऊ म्हणाले.

"मंग लेक कोनाची हाय? नाय सांगाचा?"

मी मान खाली घालून अळूचे देठ सोलत बसले. बाजाराची गोष्ट निघाली की माझ्याही तीन-चार जणी आठवत होत्या.

रोहिदासभाऊ जरा वेळाने अमिताला म्हणाले, "पाकीट फोडाचे आदी सांगलंस ना?"

"हो बाबा, आधी."

"मंग झाला. बंदरान तेच असतंय. कंटेनर बोटीवर चराचे आदी वजन चुकलं सांगला, तं गारी परत काट्यावर घेतान, कोन काय बोलत नाय. बोटीवर चरल्यावर सांगला, तं पुरी बोट खोलंबते नि आपलं नाव जाते." मग बायकोकडे वळून, "तुना काय कलनार नाय त्यातला."

"मना पापलेटचा कलते तेवरा पुरे," मैनाबाई म्हणाल्या, आणि आत जाऊन गौरीपुढे डोकं टेकवून फार वेळ बसल्या. काय मागितलं ते मी विचारलं नाही.

युरोपातली जागा ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. त्यांचं पत्र चांगलं होतं, पण जागा गेली ती गेलीच. निशांतने रजेचा अर्ज मागे घेतला. त्या आठवड्यात अमिता घरी कमी बोलली. एकदा मी देवघरात होते तर येऊन मागे बसली. मला वाटलं काही मागायला आली. तर तिने दिव्याची वात पुढे केली, तेल घातलं आणि उठून गेली.

दिल्लीवाले भले निघाले. त्यांनी पाकीट तसंच बंद ठेवलं आणि नोव्हेंबरात पेटी परत पाठवली. देवजी निवृत्त होऊन गावी जायचे होते, ते गेले नाहीत. म्हणाले, कडी माझी, मी लावून देतो मग जातो. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी ते मोठ्याने तेरा मोजायचे आणि अमिता वहीत लिहायची. देवजींना मेदूवडे आवडतात म्हणून मी एकदा डब्यात दिले, तर तेही मोजून घेतले आणि तेरात एक कमी आहे म्हणून फोन केला. मी बाराच दिले होते, घरात भांडं तेवढंच होतं.

महिनाभर मोजून तिने नवा आकडा कळवला. तो जुन्यापेक्षा सहाने वेगळा आला. जानेवारीच्या तेवीस तारखेला, सकाळी अकराला, कॉम्प्युटरवर सगळ्यांना एकत्र घेऊन पाकीट उघडायचं ठरलं.

त्या सकाळी मी अथर्वशीर्षाची अकरा आवर्तनं केली. अकराला फोन हातात घेऊन बसले. बारा वाजले, एक वाजला, फोन नाही. मीही केला नाही. वर्षापूर्वीचे तीन फोन पुरेसे होते. ह्यांनी दोनदा विचारलं, "काही कळलं?" आणि दोन्ही वेळा मी नाही म्हटल्यावर पेपर उलटा धरून वाचायला लागले.

अमिता नेहमीच्याच वेळी आली. पर्स खुंटीला लावली, हातपाय धुतले, देवाला नमस्कार केला आणि माझ्यासमोर मटाराच्या शेंगांच्या ढिगाशी बसली. मी वाट बघत होते.

"जुळला," ती म्हणाली. "आमच्या दोघांच्या आकड्यांत चारचा फरक आला. पाचपर्यंत चालतो असं मीच लिहून दिलं होतं. म्हणजे आत आहे."

मी देवघराकडे बघून हात जोडले. तेवढ्यात ती म्हणाली, "अजून एक आहे. सरांनी जुना आकडाही तिथेच लावून बघितला. मागे घेतलेला."

"मग?"

"त्यात आणि दिल्लीत फक्त दोनचा फरक होता. दुसऱ्या बाजूला."

मला समजायला जरा वेळ लागला. "म्हणजे कड्याविना मोजलेला जास्त बरोबर होता?"

"जास्त जवळ होता. दिल्लीच्या आकड्यालाही थोडं इकडेतिकडे आहेच ना. त्यांचं थोडं एका बाजूला, माझी चूक त्याच बाजूला, म्हणून जवळ दिसला. तोही आत बसला असता."

"म्हणजे काही बोललो नसतो तर..."

"तर दहा सप्टेंबरला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या."

मी शेंगा तशाच धरून बसले. मला एकदम ती दोन दिवस मिटून ठेवलेली वही आठवली आणि मनात आलं की मिटूनच ठेवली असती तर हिची जागा गेली नसती. हे मी तिला बोलूनही दाखवलं. मनात ठेवण्यात काय अर्थ?

तिने शेंग फोडली, दाणे पातेल्यात ओघळले. "प्रबंधात नवाच आकडा लिहिलाय, आई. दोनवाला आकडा कसा आला हे मला सांगता येत नाही. चारवाला सांगता येतो. उद्या परीक्षकाने विचारलं तर मी एकेक केबल दाखवू शकते."

"सर काय म्हणाले?"

"सर हसले. म्हणाले, तू माझं ऐकून थांबली असतीस तर आपण दोनवर पेढे वाटले असते."

"आणि तुला वाईट वाटतं का?"

ती थांबली. खोटं बोलायचं नाही म्हणून थांबली, एवढं मी आता ओळखते.

"जागेचं वाटतं," ती म्हणाली. "रोज थोडं वाटतं. आकड्याचं नाही वाटत."

निशांत आला, त्याने दारातूनच "पास?" विचारलं, तिने "पास" सांगितलं. मग त्याने आईला फोन केलास का विचारलं, तेव्हा तिने हात पुसून मैनाबाईंना फोन लावला. पलीकडून बाजाराचा गलबला ऐकू येत होता. "आय, झालं गो," ती म्हणाली, "हो, जुळलं. नाय, फारिन नाय. इथंच हाय मी." मैनाबाई काय बोलल्या ते कळलं नाही, पण त्या मोठ्याने कोणाला तरी पापलेटचा भाव सांगून परत फोनवर आल्या, आणि अमिता ऐकत राहिली. उरलेल्या शेंगा मी सोलल्या.